वळवाचा ढग

बेळगावात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीनच्या सुमारास गच्चीवर जाऊन एकदा बघाच. सकाळी मोकळ्या असलेल्या आभाळात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग दिसतात. त्यातला एखादा डोळ्यांदेखत चढत जातो आणि त्याचा माथा पार 15-16 किलोमीटरवर पोचू शकतो. एव्हरेस्टच्या दीडपटीहून जास्त! हा गर्जन्मेघ, म्हणजे क्युम्युलोनिम्बस. आपला वळीव पाडणारा तो हाच.

त्याचं इंधन म्हणजे हवेतली वाफ. समुद्राकडून घाट ओलांडून आलेली दमट हवा तापलेल्या जमिनीवर हलकी होऊन वर निघते. दर किलोमीटरला ती सुमारे 10 अंशांनी गार होते आणि एका उंचीवर वाफेचे थेंब होऊ लागतात. ढगाचा तळ सपाट दिसतो तो त्यामुळेच. खरी गंमत पुढे आहे. पाण्याची वाफ होताना जी उष्णता खर्ची पडते, ती वाफेचं पुन्हा पाणी होताना परत मिळते, ग्रॅममागे जवळजवळ 600 कॅलरी. त्यामुळे ढगातली हवा बाहेरच्यापेक्षा गरम राहते, आणखी चढते, आणखी थेंब, आणखी उष्णता. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला फीडबॅक लूप म्हणतो. स्थितांबराशी पोचल्यावर मात्र वरची हवाच जास्त उबदार असते, मग ढग आडवा पसरतो आणि माथा लोहाराच्या ऐरणीसारखा दिसतो.

त्याला संपवतो त्याचाच पाऊस. थेंब आणि गारा पडताना हवेला खाली ओढतात, काही थेंब वाटेतच वाळून ती थंड करतात. पावसाआधी अंगावर येणारा गार वारा तो हाच. तो जमिनीवर पसरला की ढगाला खालून मिळणारी गरम हवा तुटते. एक मनोरा साधारण तासाभरात विरतो. शेजारी दुसरा उभा राहू शकतो, ते वेगळं.

वीज मात्र पाऊस नसतानाही, ढगापासून आठ-दहा किलोमीटर लांब पडू शकते. तेव्हा गार वारा सुटला की पाडाच्या कैऱ्या वेचायला आंब्याखाली धावणाऱ्या पोरांना आधी घरात घ्या. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये कळतं. पण गडगडाट ऐकू आला म्हणजेच आपण तिच्या टप्प्यात आहोत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप आजूबाजूच्या विजा दाखवतं, ते मोबाईलवर असू द्या. कैऱ्या कुठे पळून जात नाहीत.