प्रतीक्षा यादीचे साठ रुपये

शिरूरला रेल्वे स्थानक नाही. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या बिहार-उत्तर प्रदेशच्या कामगाराला छठपूजेसाठी गाव गाठायचे, तर दौंड किंवा पुणे गाठावे लागते. तिकीट मात्र मोबाइलवरच काढायचे, कारण आरक्षणाच्या खिडकीवर जायचे म्हणजे दिवसाची हजेरी बुडते. ऑनलाइन तिकीट व्यवस्था नेमकी कोणासाठी सुधारायची, याचे उत्तर या कामगारात आहे.

दलालांविरुद्ध रेल्वेने गेल्या काही काळात कठोर पावले उचलली, त्याचे स्वागतच करायला हवे. तत्काळची खिडकी उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे निम्म्यापर्यंत प्रयत्न बॉट करत होते, असे रेल्वेनेच सांगितले. सुमारे अडीच कोटी संशयास्पद खाती बंद झाली. जुलै २०२५ पासून तत्काळसाठी आधार पडताळणी सक्तीची झाली आणि पहिली तीस मिनिटे एजंटांना दार बंद झाले. पण परप्रांतीय कामगाराचे आधार अनेकदा गावाकडच्या जुन्या नंबरला जोडलेले असते. स्लीपरची तत्काळ अकराला उघडते. ओटीपी गावात वाजतो आणि रांजणगावात तिकीट हातचे जाते. कामगार वस्तीत आधारला जोडलेला मोबाइल नंबर बदलून देणारी शिबिरे भरवली, तर हा अडसर दूर होईल.

दुसरी अडचण यंत्राची नव्हे, नियमांची आहे. मधल्या स्थानकावरून चढणाऱ्याच्या वाट्याला बहुधा पूल्ड कोट्याची किंवा रिमोट लोकेशनची प्रतीक्षा यादी येते. सर्वसाधारण यादीच्या मानाने ती फारच कमी सरकते. म्हणून दौंडचे जाणते प्रवासी पुण्यापासूनचे तिकीट काढतात आणि बोर्डिंग दौंडचे टाकतात. जास्तीचे भाडे त्यांच्या खिशातून जाते आणि पुणे ते दौंड हे सुमारे पंचाहत्तर किलोमीटर बर्थ रिकामा धावतो. ज्याला ही युक्ती ठाऊक नाही, तो पूल्डच्या यादीत अडकतो. त्यातच दौंड जंक्शन आणि दौंड कॉर्ड लाइन ही दोन वेगळी स्थानके आहेत. मनमाडकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या कॉर्ड लाइनवरूनच जातात. आपली गाडी कोणत्या स्थानकावर थांबणार, हे पैसे भरण्याआधी ठळक मराठीत दिसायला हवे.

सर्वांत खटकणारी गोष्ट पुढेच आहे. ई-तिकीट चार्ट लागेपर्यंत प्रतीक्षा यादीतच राहिले, तर ते आपोआप रद्द होते आणि प्रत्येक प्रवाशामागे साठ रुपये कापले जातात. सुविधा शुल्क परत मिळत नाही, ते वेगळेच. प्रवाशाने काही रद्द केलेले नसते. जागा रेल्वेला देता आलेली नसते. चौघांच्या कुटुंबाला दोनशे चाळीस रुपयांचा फटका बसतो, आणि प्रवास तर घडलेलाच नसतो. मग कोणाच्या कसुरीचा हा दंड?

२२ मे २०२५ रोजी सकाळी दहाला एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे निघाली. ही क्षमता दीड लाखांवर नेण्याचे उद्दिष्ट रेल्वेने जाहीर केले आहे. सर्व्हर वेगवान व्हायलाच हवा, पण सर्व्हर वाढल्याने बर्थ वाढत नाहीत. दिवाळी-छठच्या गर्दीत जास्त वेगाने मिळेल ती प्रतीक्षा यादीच. तेव्हा प्रवाशाला किमान खरे काय ते आधी कळावे: यादी कोणत्या प्रकारची आहे, गेल्या वर्षी याच आठवड्यात ती कितीपर्यंत सरकली, आणि पैसे किती दिवसांत परत येतील.

रेल्वे बोर्डाने आपोआप रद्द होणाऱ्या तिकिटांवरील साठ रुपयांची कपात थांबवावी. पुणे विभागाने दौंडच्या कोट्याचा फेरविचार करावा आणि शिरूर-रांजणगाव परिसरात आरक्षणाची एक तरी खिडकी सायंकाळी कामगार सुटतात त्या वेळी उघडी ठेवावी. येत्या छठपूजेच्या आत हे होऊ शकते, ते व्हावे.