चार जागांचा पक्ष

पाकिस्तानातील धर्मवादी राजकारणाचा विषय निघाला की आमच्या बडोद्यातील सुविद्य मंडळीही एकच वाक्य उच्चारून मोकळी होतात : तिकडच्या लोकांना तेच हवे होते! वाक्य सोपे आहे. परंतु पुरावा पाहिल्याविना कबुली न देण्याची सवय जडलेल्या आम्हां वकिलांना ते मान्य करता येत नाही.

मौलाना मौदूदी हे जन्माने आपल्या मराठवाड्याचेच. १९०३ साली औरंगाबादेत जन्मलेले. १९४१ साली लाहोरात त्यांनी जमात-ए-इस्लामी स्थापिली, तेव्हा मुस्लिम लीगचा राष्ट्रवाद त्यांना साफ अमान्य होता. फाळणीनंतर मात्र ते त्याच पाकिस्तानात गेले, राज्यघटना इस्लामी करा म्हणून उभे राहिले, आणि १९६५ च्या निवडणुकीत, स्त्रीने राज्य करू नये हे स्वतःचेच मत बाजूस सारून, अयुबखानांविरुद्ध फातिमा जिनांच्या पाठीशी गेले. सत्तेच्या वाटेवर सिद्धान्त असे लवचिक होतात. १९७० साली मतपेट्या उघडल्या तेव्हा राष्ट्रीय विधिमंडळाच्या ३०० जागांपैकी या पक्षाच्या पदरी अवघ्या ४ पडल्या. लोकांना काय हवे होते, याचा याहून चोख दाखला कोणता?

मग कायदा त्यांच्या मनाजोगता कसा झाला? ज्यांनी त्यांना हरविले त्यांनीच तो करून दिला. उद्दिष्टांचा ठराव १९४९ साली मांडला तो लियाकत अलींनी. श्रीशचंद्र चट्टोपाध्याय यांच्यासारख्या हिंदू सभासदांनी त्यास विरोध केला. समर्थन करणाऱ्यांत अहमदिया पंथाचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान होते! चारच वर्षांनी त्याच जफरुल्लांना काढा म्हणून पंजाबात दंगे उसळले व लाहोरात लष्करी अंमल पुकारावा लागला. चौकशीत न्या. मुनीर व न्या. कयानी यांनी उलेमांना साधा प्रश्न केला : मुसलमान कोण? १९५४ च्या अहवालात नमूद आहे की, कोणा दोघांची व्याख्या जुळली नाही. जे पंडितांना साधले नाही ते १९७४ साली समाजवादी म्हणविणाऱ्या भुट्टोंच्या संसदेने उरकले. अहमदिया मुसलमान नव्हेत असे घटनेतच लिहिले. १९८४ साली झियांच्या वटहुकुमाने, त्यांनी आपल्या प्रार्थनास्थळास मशीद म्हणणेही गुन्हा ठरविले.

हा शेजाऱ्याचा संसार, आम्हांस काय त्याचे, असे कोणी म्हणेल. अशांनी अहमदाबादचा एक दावा आठवावा. हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा आपणांस लागू होऊ नये म्हणून १९४८ साली स्वामिनारायण सत्संगींच्या वतीने काही मंडळी न्यायालयात गेली. आम्ही हिंदूच नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता! दार बंद राहावे एवढ्यासाठी धर्माचे नावच टाकून देण्याची ही तयारी. १९६६ साली सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी हिंदू कोण याची विस्तृत चर्चा करून अपील फेटाळले आणि दार उघडे राहिले. तिकडे व्याख्या भिंत झाली, इकडे वाट झाली. पण दोन्हीकडे ती करून मागितली होती भाविकांनीच. आमच्या किती देवस्थानांच्या विश्वस्तांनी तो निकाल वाचला आहे, हे आम्ही त्यांनाच विचारतो.