ज्याचे त्याचे जनित्र

हिवाळा तोंडावर आला की अमेरिकेतील टेक्सास राज्यात घरगुती जनित्रांच्या खरेदीचा विषय निघतो. किती वॅटचे घ्यावे, पेट्रोलवर चालणारे की नळातून येणाऱ्या गॅसवर चालणारे, अंगणात ओटा बांधून कायमचे बसवावे की चाकांवर ढकलता येईल असे घ्यावे, याची चर्चा मध्यमवर्गीय घरांत होते. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या शहरांत आज मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्राच्या, तेलावर आणि वायूवर तरंगणाऱ्या राज्यात नागरिकाला आपल्या दिव्यापुरती वीज आपल्या अंगणात निर्माण करण्याचा विचार करावा लागतो. ही पाळी कशी आली, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

१५ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे हिमवादळाने गारठलेल्या टेक्सासमध्ये वीज तोडण्यास सुरुवात झाली. पंचेचाळीस लाखांहून अधिक घरे व आस्थापने अंधारात गेली, आणि त्यांतील कित्येकांचा अंधार तीन-चार दिवस सरला नाही. वीस हजार मेगावॅटचे भारनियमन एकाच वेळी करावे लागले. राज्याचे संपूर्ण वीजजाळे कोसळण्यापासून अवघ्या साडेचार मिनिटांच्या अंतरावर होते, असे पुढे उघड झाले. घरात तापमान गोठणबिंदूकडे उतरत होते, नळ फुटत होते, प्राणवायूच्या यंत्रावर असलेले रुग्ण बॅटरी संपण्याची वाट पाहत होते. राज्याच्या आरोग्य खात्याने २४६ मृत्यू नोंदविले. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश माणसे निव्वळ थंडीने मेली. याच रात्री ह्यूस्टन आणि ऑस्टिनच्या मध्यवर्ती भागातील कचेऱ्यांचे रिकामे मनोरे मात्र झगमगत होते, कारण इस्पितळांसारख्या अत्यावश्यक सेवांच्या वाहिन्यांवर तेही जोडलेले होते.

यास दैवी आपत्ती म्हणणे सोयीचे आहे, पण खरे नाही. अशीच थंडी फेब्रुवारी २०११ मध्ये पडली होती. त्यानंतर केंद्रीय यंत्रणांनी चौकशी करून वीजकेंद्रे व वायूच्या विहिरी थंडीला तोंड देतील अशा करा, असे सांगितले होते. ते सांगणे सल्ला म्हणून राहिले, सक्ती झाली नाही. खुल्या बाजारात जो उत्पादक नळांना आच्छादन घालण्यावर पैसा खर्च करील त्याची वीज महाग होणार, आणि जो करणार नाही तो स्पर्धेत पुढे जाणार, असा हिशेब असल्यावर दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या थंडीसाठी कोण खर्च करील? विहिरी गोठल्या, वायू आटला, वायूवर चालणारी केंद्रे बंद पडली. वीज वाचविण्यासाठी ज्या वाहिन्या तोडल्या त्यांतील काहींवर वायू ढकलणारे पंपच होते, त्यामुळे वायू आणखी आटला. केंद्र सरकारचे नियमन नको म्हणून टेक्सासने आपले जाळे शेजारच्या राज्यांपासून जवळजवळ तोडून ठेवले आहे, म्हणून बाहेरून मदतही येऊ शकली नाही. याच राज्याच्या पश्चिम टोकाला एल पासो हे शहर आहे. ते शेजारच्या जाळ्याला जोडलेले आहे, आणि २०११ च्या धड्यानंतर तेथील कंपनीने केंद्रांची डागडुजी केली होती. थंडी तेथेही पडली, पण दिवे बहुतांशी राहिले.

आणि बाजाराने काय केले? टंचाईच्या त्या दिवसांत घाऊक विजेचा दर नियामकांच्या आदेशाने कमाल मर्यादेला, म्हणजे एका युनिटला नऊ डॉलरला, नेऊन ठेवण्यात आला. दर चढला म्हणजे पुरवठा वाढतो, असे पुस्तकात लिहिले आहे. गोठलेल्या विहिरींनी ते पुस्तक वाचलेले नसावे!

अशा स्थितीत ज्याने जनित्र विकत घेतले त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. घरात म्हातारी माणसे आहेत, तान्हे मूल आहे. आधी व्यवस्था बदलू, मग ऊब मिळवू, असे त्याला सांगणे हा निर्दयपणा होईल. उलट त्याने ते नीट वापरावे हे आम्ही आग्रहाने सांगू. २०२१ च्या त्या २४६ मृत्यूंपैकी १९ मृत्यू कार्बन मोनॉक्साइडचे होते. या वायूला रंग नाही, वास नाही. प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने तो रक्ताला चिकटतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो. थंडी आत येऊ नये म्हणून दारे-खिडक्या लावून आत शेगडी पेटविणाऱ्यांची, बंद गॅरेजमध्ये मोटार चालू ठेवणाऱ्यांची हीच गत झाली. जनित्र घराबाहेर, निदान वीस फूट दूर, धूर खिडकीकडे येणार नाही असे ठेवावे. पडवी, तळघर, अर्धे उघडे शटर यांना बाहेर म्हणत नाहीत. दुसरी गोष्ट, जनित्राची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसून सारे घर उजळण्याचा उपद्व्याप करू नये. ती वीज उलटी रोहित्रात शिरते, हजारो व्होल्टची होते, आणि तार मेली आहे असे समजून खांबावर चढलेला वायरमन मरतो. चेंजओव्हर स्विच बसविल्याखेरीज घराच्या तारांना जनित्र जोडू नये. एकाच्या घरातला दिवा दुसऱ्या कामगाराच्या जिवावर लागू नये, एवढे तरी पाहावे.

तथापि सारे घर चालविणारे जनित्र बसवून घेण्यास हजारो डॉलर लागतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला ते ठेवण्यास अंगण नाही. म्हणजे थंडीपासूनचे संरक्षण ऐपतीप्रमाणे वाटले जाते. आणि ज्यांचा आवाज विधिमंडळात पोहोचतो त्यांनी आपापली सोय लावून घेतली, की सार्वजनिक जाळ्याच्या दुरवस्थेबद्दल ओरडणारे कमी होतात. जनित्राच्या धुरापेक्षा आम्हाला हा परिणाम अधिक विषारी वाटतो. २०२१ मध्ये टेक्सासने वीजकेंद्रांना थंडीची तयारी सक्तीची केली, हे ठीकच झाले. पण २०२३ मध्ये मतदारांच्या संमतीने जो ऊर्जानिधी उभारला त्यातील मोठा वाटा वायूवर चालणाऱ्या केंद्रांच्या खाजगी मालकांना स्वस्त कर्ज म्हणून ठेवला आहे. नफा त्यांचा, कर्ज जनतेचे. विशेष असे की १९३० च्या दशकात याच राज्याच्या डोंगराळ भागात वीज नेणे परवडत नाही म्हणून खाजगी कंपन्यांनी हात वर केले, तेव्हा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने सरकारी कर्जावर तारा ओढल्या. त्या कामामागे तरुण लिंडन जॉन्सन होते. त्यांच्या राज्याला या इतिहासाचा विसर पडला आहे.

महाराष्ट्राने हे दुरून पाहण्याचे कारण नाही. टेक्सासमध्ये १९९९ साली झालेल्या खुल्या वीजबाजाराच्या कायद्यासाठी ज्यांनी जोर लावला त्यांत ह्यूस्टनची एन्रॉन आघाडीवर होती. त्याच वर्षी तिच्या दाभोळ प्रकल्पाची वीज आपल्या मंडळाच्या गळ्यात पडली, २००१ साली तो बंद पडला आणि वर्षअखेर कंपनी दिवाळखोर झाली. त्या कराराविरुद्ध मृणालताई गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेला लढा जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. पुढे भारनियमन वाढले, तेव्हा २००६ साली पुण्यात कारखान्यांची जनित्रे चालवून शहराचा अंधार टाळण्याची योजना निघाली. तिचा जादा खर्च अधिक वीज वापरणाऱ्यांवर टाकला होता, हे तिच्या बाजूने मान्य केले पाहिजे. पण जे गाव अधिभार देऊ शकत नाही त्याने काय करावे, याचे उत्तर तीत नव्हते.

त्या गावाचा हिवाळा आजही पुरता संपलेला नाही. गहू, हरभरा, कांद्याला पाणी द्यावयाचे तर कृषिपंपाची वीज ज्या रात्री येईल त्या रात्री, डिसेंबरच्या कडाक्यात, हातात बॅटरी घेऊन शेतकरी बांधावर जातो. पायाखाली साप, उसात बिबट्या. ऐपत असलेला डिझेलचे इंजिन लावून दिवसा पाणी देतो. २०१७ पासूनच्या सौर कृषी वाहिनी योजनेने काही भागांत दिवसा वीज मिळू लागली आहे, ती सर्वत्र मिळालेली नाही. म्हणून तालुक्या-तालुक्यातील आपल्या साथींनी रब्बीच्या पाळ्या सुरू होण्यापूर्वी उपकेंद्रावर जाऊन प्रत्येक कृषी वाहिनीचे वेळापत्रक लेखी मागावे, रात्रीची पाळी कोणत्या गावांच्या वाट्याला आली आहे त्याची यादी करावी, आणि ती यादी घेऊन त्या गावच्या शेतकऱ्यांसह अधीक्षक अभियंत्याच्या दालनात बसावे.