न ऐकू येणारा गोंगाट

तुम्ही अभ्यासाला बसला आहात आणि शेजारी कोणी मोठ्याने गाणी लावली, तर तुम्हांला राग येतो ना? पण एक गोंगाट आपल्याही घरातून बाहेर पडत असतो. तो कानांना ऐकू येत नाही; रेडिओला मात्र ऐकू येतो.

एक प्रयोग करून पाहा. बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ मध्यम लहरींवर लावा. तो एलईडी दिव्याजवळ किंवा मोबाइलच्या चार्जरजवळ न्या. पुष्कळदा खरखर वाढते. दिवा बंद केला, की ती थांबते. असे का होते? ही उपकरणे विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. त्यामुळे रेडिओलहरी निर्माण होतात आणि घरातल्या तारांमधून बाहेर पसरतात. त्या अडवणारे लहानसे भाग चांगल्या उपकरणात बसवलेले असतात. स्वस्त उपकरणात पैसे वाचवण्यासाठी ते अनेकदा गाळले जातात.

आपल्या ठाण्यातील कोलशेतकडे पाहा. खाडीकाठच्या या गावाभोवती आता उंच इमारती उभ्या आहेत. अशा इमारतीत वर, खाली, शेजारी दिवे आणि चार्जर असतात. तिथे हौशी रेडिओचालकाने, म्हणजे 'हॅम'ने, दूरचा क्षीण आवाज कसा ऐकावा?

कोणी म्हणेल, "हा तर छंद! मोबाइल असताना त्याची काय गरज?" ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला आणि २६ जानेवारी २००१ रोजी भूजला भूकंप झाला. दोन्ही वेळी हॅम मदतीला धावले आणि त्यांनी रेडिओवरून निरोप पोहोचवले. संकटाच्या गावी वीज गेलेली असते, म्हणून तिथे खरखर कमी असते. पण तिथली हाक ऐकणारा माणूस आपल्यासारख्या झगमगत्या शहरात बसलेला असतो. ती हाक आपल्या खरखरीत बुडाली तर?

दिवे लावू नका, असे मी म्हणत नाही. दिवा किंवा चार्जर घेताना केवळ किंमत पाहू नका, एवढेच माझे म्हणणे आहे. काम संपल्यावर चार्जरचे बटण बंद करा. शेजारच्या हॅमने तक्रार केली, तर भांडू नका. एकेक उपकरण बंद करून खरखर कोठून येते, ते त्याच्याबरोबर शोधा.

शेजाऱ्याला शांततेचा हक्क आहे, हे आपण लहानपणापासून शिकतो. त्याच्या रेडिओलाही तो हक्क असावा, असे मला वाटते.