विश्लेषण : अरोवाना आणि गार एकाच टाकीत नांदतील का?

दुकानात बोटभर लांबीचे असताना अरोवाना आणि अलिगेटर गार शेजारी-शेजारी गुण्यागोविंदाने पोहतात. अडचण सुरू होते ती घरी आणल्यावर, काही महिन्यांनी. टाकी पुरेनाशी झालेले असे मासे अनेकदा जवळच्या तळ्यात सोडले जातात. मे 2023 मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात पाणवनस्पती काढताना अलिगेटर गार सापडला. त्याच्या महिनाभर आधी भोपाळच्या बडा तालाबमध्येही एका मासेमाराच्या गळाला तो लागला होता. हा मासा मूळचा अमेरिकेचा. त्यामुळे घरातल्या टाकीत दोन शिकारी मासे एकत्र ठेवावेत का, हा प्रश्न आता केवळ हौशी लोकांपुरता राहिलेला नाही.

हे मासे कोणते?

चंदेरी अरोवाना अॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. लांब, पट्टीसारखा चपटा, वर वळलेले तोंड आणि हनुवटीवर दोन मिशा. पूर्ण वाढला की तो सुमारे तीन फुटांपर्यंत जातो. पाण्याबाहेर झेप घेऊन फांदीवरचे किडे टिपणे ही त्याची खासियत. म्हणून टाकीला घट्ट आणि वजनदार झाकण नसेल तर तो सकाळी फरशीवर मिळतो. याच्या आशियाई भाईबंदाला फेंगशुईत भरभराटीचे चिन्ह मानतात. तो महाग असतो, त्यामुळे हॉलच्या दर्शनी भिंतीलगत बहुधा चंदेरी अरोवानाच दिसतो.

अलिगेटर गार हा मिसिसिपी नदीचे खोरे आणि टेक्सासकडचा. मगरीसारखा जबडा, त्यात दातांच्या रांगा आणि अंगावर चिलखतासारखे कडक खवले. 2011 मध्ये मिसिसिपी राज्यात जाळ्यात सापडलेला गार आठ फुटांहून लांब आणि 148 किलो वजनाचा होता. त्याचे आयुष्य पन्नास वर्षांहून जास्त असू शकते. म्हणजे मुलाच्या हट्टाखातर आणलेला मासा त्या मुलाच्या निवृत्तीपर्यंत सोबत करू शकतो!

एकमेकांना खातात का?

आकार सारखा असेल तर सहसा नाही. शिकारी माशांचा नियम सोपा आहे : तोंडात मावते ते अन्न. म्हणून अनुभवी हौशी मंडळी सारख्या लांबीचीच पिल्ले घेतात. पण दोन्ही मासे एकाच वेगाने वाढत नाहीत. चांगले खाणे मिळाले तर गार पहिल्याच वर्षात दीड-दोन फूट होऊ शकतो. अरोवाना किंचित मागे पडला की समीकरण बदलते.

दुसरी अडचण जागेची. तळाशी राहणारा मासा आणि वरच्या थरात राहणारा मासा एका टाकीत खपून जातात. अरोवाना आणि गार मात्र दोघेही पृष्ठभागालगतच वावरतात. अरोवानाला तो थर स्वतःच्या मालकीचा वाटतो. गार वरकरणी शांत, लाकडाच्या ओंडक्यासारखा तरंगणारा. पण खाणे पडताच तो मान बाजूला फेकून झडप घालतो आणि त्या झटक्यात अरोवानाचे पर, खवले किंवा मिशा जातात. बऱ्याच जखमा भांडणाच्या नसतात, जेवणाच्या वेळच्या असतात. ‘दोघे भांडत नाहीत, मग चिंता नाही’ हा दुकानदाराचा दिलासा म्हणूनच अर्धवट आहे.

मग टाकी किती मोठी हवी?

खरा प्रश्न हाच आहे आणि तो सरळ गणिताचा आहे. घरात सर्रास दिसणारी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी 255 लिटरची. सहा बाय दोन बाय दोन फुटांची टाकी 680 लिटरची. ती ऐकायला प्रचंड वाटते, पण तीन फुटी अरोवानाला तिच्यात नीट वळताही येत नाही. गारचे शरीर कडक खवल्यांमुळे फारसे वाकत नाही. त्याच्यासाठी टाकीची रुंदी निदान त्याच्या लांबीएवढी हवी. चार फुटांच्या गारसाठी बारा बाय चार बाय अडीच फुटांची टाकी धरली तर पाणी होते सुमारे 3400 लिटर, म्हणजे 3.4 टन. ‘छोटा हत्ती’ टेम्पोही एवढे वजन एका खेपेत उचलत नाही.

फ्लॅटमध्ये हे वजन कुठे ठेवणार? भारतीय मानकांनुसार घरातल्या खोलीची जमीन साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो भार धरून बांधली जाते. सहा फुटी टाकीच्या नुसत्या पाण्याचा भार चौरस मीटरला 600 किलोंच्या आसपास जातो. काच आणि लोखंडी स्टँड वेगळे. याचा अर्थ स्लॅब लगेच कोसळेल असा नाही, कारण उरलेली खोली तुलनेने मोकळी असते आणि टाकी तुळईलगत ठेवली तर भार बराच विभागला जातो. पण जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनीअरला न विचारता अशी टाकी बसवणे धोक्याचेच.

पाणी आणि विजेचे काय?

शिकारी माशांचे खाणे प्रथिनांनी भरलेले असते. त्याचे पचन झाले की कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी. तिसरे कमी घातक, पण साचत जाते आणि पाणी बदलूनच काढावे लागते. आठवड्याला पाव टाकी बदलायची म्हटली तर 3400 लिटरच्या टाकीला 850 लिटर क्लोरीनमुक्त पाणी लागेल. गच्चीवरची हजार लिटरची टाकी जवळपास रिकामी होईल. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत हा हिशेब कोणाला पटवणार?

भारनियमनाची गंमत वेगळीच. वीज गेली की पंप थांबतो आणि पाण्यातला ऑक्सिजन घटतो. गार आपल्या वाताशयाच्या मदतीने हवेतूनही श्वास घेऊ शकतो, त्यामुळे तो तग धरतो. अरोवानाला तेवढी मुभा नाही. एकाच टाकीत, एकाच रात्री एक मासा मरतो आणि दुसरा ठणठणीत राहतो, त्यामागे हे कारण असू शकते.

‘मासा टाकीएवढाच वाढतो’ हे खरे का?

नाही. खराब पाणी आणि अपुरी जागा यांमुळे वाढ खुंटते, पाठीचा कणा वाकतो, आयुष्य घटते. ती जुळवून घेतल्याची खूण नव्हे, आजार आहे.

तळ्यात सोडले तर बिघडते काय?

मालकाला ती दया वाटते. केरळमध्ये 2018 च्या महापुरानंतर चालकुडी नदीत अरापैमा आणि अलिगेटर गार सापडले; पाळलेले मासे पुराबरोबर बाहेर पडले होते. चीनमधील हेनान प्रांतात रुझोउ शहराने 2022 मध्ये असे दोन गार पकडण्यासाठी अख्खे तळे उपसले. त्याला महिनाभर लागला. जपानने 2018 पासून गार कुळातील मासे पाळण्यावरच निर्बंध घातले. गारची अंडी माणसासाठी विषारी असतात, हेही मासेमारांना माहीत असायला हवे.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. उजनी जलाशयात बाहेरून आलेल्या चिलापीने स्थानिक माशांची जागा घेतली. टाकीची काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासाही तेथील मच्छीमारांच्या जाळ्यात येतो आणि त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात. विरोधाभास असा की, खुद्द टेक्सासमध्ये गार जपला जातो. तिथे 2009 पासून एका व्यक्तीला दिवसाला एकच गार पकडता येतो.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली. कलम 62-अ नुसार परक्या, आक्रमक प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणे आणि प्रसार यांवर केंद्र सरकार निर्बंध घालू शकते. आशियाई अरोवाना ‘साइट्स’ कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. तो बाळगणाऱ्यांनी 2024 च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करणे अपेक्षित आहे. चंदेरी अरोवानासाठी ही अट नाही, त्यामुळे खरेदी करताना प्रजातीचे नाव लिहून घेतलेली पावती जपून ठेवावी.

ज्यांच्या टाकीत ही जोडी आधीच आहे, त्यांनी मधे जाळीचा पडदा टाकून मासे वेगळे करावेत, दोन्ही टोकांना एकाच वेळी खाणे टाकावे आणि मोठी टाकी शक्य नसेल तर दुकानदार, दुसरा हौशी पाळणारा किंवा सार्वजनिक मत्स्यालय यांपैकी कोण मासा घेईल याची चौकशी तो फूटभराचा असतानाच सुरू करावी. तीन फुटांच्या गारला गिऱ्हाईक मिळणे फार कठीण असते.