एका श्वासात किती?

गेल्या आश्विनात आमच्या सौभाग्यवतींच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा नवरात्राच्या उपासांना दोष देऊन आम्ही मोकळे झालो. चौथ्या दिवशी त्यांना जिना चढवेना. आमचे पांडित्य तेथेच संपले. इंदूरच्या इस्पितळात डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हलला नाही. पाठीतून पाणी काढून तपासले. निदान झाले, गुलेन बॅरी सिंड्रोम. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात ज्याने घबराट माजवली तोच हा विकार. एरवी वर्षाकाठी लाखात एकदोघांना गाठणारा. शरीराचे रक्षक दलच मज्जातंतूंवर चालून जाते आणि पायांतली दुर्बलता वर चढत श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचू शकते.

पाच दिवस शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिले. खर्चाचे न विचारावे हे बरे. श्वासाची एक परीक्षा मात्र अगदी साधी होती: दीर्घ श्वास घ्यायचा आणि एका दमात आकडे मोजायचे. डॉक्टर म्हणाले, ‘गिनिए.’ सौभाग्यवती मराठीतच मोजू लागल्या. पहिल्या दिवशी चोवीस, तिसऱ्या दिवशी सोळा. सतराव्यासाठी ओठ हलले, आवाज निघाला नाही. आयुष्यभर मुलांकडून पाढे घोकून घेतले, पण एका आकड्यासाठी आमचे प्राण असे कधी कानांत गोळा झाले नव्हते. ती रात्र आम्ही अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसून काढली.

सातव्या दिवशी सतरा ऐकू आले.

काल घरी, जिन्याचा कठडा धरून उभ्या असता, त्यांनी अडतीसपर्यंत मोजले आणि ‘आता तुम्ही मोजा’ असे फर्मावले. आम्ही एकतिसावरच थांबलो.