प्रतिकाराच्या कथेत जागा कोणाला?

'कासाब्लांका' या चित्रपटाचा पहिला खेळ २६ नोव्हेंबर १९४२ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. महायुद्ध कोणत्या बाजूला झुकेल, हे तेव्हा कोणीच सांगू शकत नव्हते. फ्रान्स पडला होता, युरोपातले निर्वासित व्हिसासाठी बंदरोबंदरी ताटकळत होते आणि अमेरिकी फौजा मोरोक्कोच्या किनाऱ्यावर उतरून जेमतेम अडीच आठवडे झाले होते. नाझीविरोधी प्रतिकाराची कथा म्हटली की आजही हाच चित्रपट आधी आठवतो. त्याने कोणाला आवाज दिला आणि कोणाला दिला नाही, हे दोन्ही पाहायला हवे.

श्रेयनामावलीतल्या कलाकारांपैकी अमेरिकेत जन्मलेले तिघेच: हम्फ्री बोगार्ट, डूली विल्सन आणि जॉय पेज. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ मूळचे बुडापेस्टचे. नाझी मेजर स्ट्रासर रंगवणारे कॉनराड फाइट स्वतः जर्मन होते आणि ज्यू पत्नीसह त्यांनी १९३३मध्येच जर्मनी सोडली होती. तरुण बल्गेरियन निर्वासित झालेले हेल्मुट डान्टिन यांनी ऑस्ट्रियात नाझींची छळछावणी भोगली होती. जुगाराच्या टेबलावरचे मार्सेल दालियो आणि इव्हॉन साकारणाऱ्या मादलेन लेबो हे तेव्हाचे पती-पत्नी १९४०मध्ये पॅरिसमधून निसटले होते. जर्मन अधिकाऱ्यांचे गाणे बुडवून नायक रिकच्या कॅफेत फ्रान्सचे राष्ट्रगीत घुमते, तेव्हा लेबो यांच्या डोळ्यांतले पाणी इतके खरे का वाटते, ते यावरून कळते. घर गमावलेल्यांनीच घर गमावल्याची कथा सांगितली, यात या चित्रपटाचे बळ आहे.

डूली विल्सन यांनी साकारलेला त्याच कॅफेतला पियानोवादक सॅमही त्या काळात वेगळा ठरला. कृष्णवर्णीय नटांच्या वाट्याला नोकराच्या नाहीतर विदूषकाच्या भूमिका येत असताना सॅम हा नायकाचा विश्वासू सोबती होता. प्रतिस्पर्धी कॅफेमालक फेरारी सॅमला आपल्या कॅफेत मागतो, तेव्हा आपण माणसांची खरेदी-विक्री करत नाही, असे रिक त्याला सुनावतो. तरीही रिकची जुनी प्रेयसी इल्सा सॅमसारख्या प्रौढ कलावंताचा उल्लेख 'पोरगा' असाच करते. सॅमला स्वतःचे घर नाही, भूतकाळ नाही, फॅसिझमविषयी स्वतःचे मत नाही. प्रतिकाराचा निर्णय रिक आणि फ्रेंच पोलीस अधिकारी रेनो घेतात, तोपर्यंत सॅम पडद्यावरून गेलेला असतो. पडद्याबाहेरही खुद्द अमेरिकी सैन्यात तेव्हा वर्णभेद अधिकृत होता. तो संपवण्याचा आदेश निघायला १९४८ उजाडले.

सर्वांत मोठी उणीव मात्र त्या शहराच्याच लोकांची आहे. कासाब्लांका मोरोक्कोत आहे, पण कथेत मोरोक्कन माणूस दिसतो तो दारवान म्हणून, फेरीवाला म्हणून किंवा गर्दीत. फ्रान्सच्या स्वातंत्र्यासाठी सारा कॅफे उभा राहतो. त्याच फ्रान्सच्या अमलाखालील मोरोक्कोच्या स्वातंत्र्याचा प्रश्न कोणी काढत नाही. तो देश १९५६मध्ये स्वतंत्र झाला. हे मौन भारतीय प्रेक्षकाला चटकन जाणवावे. चित्रीकरण ३ ऑगस्ट १९४२ रोजी संपले आणि पाचच दिवसांनी मुंबईत गोवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला. स्वातंत्र्यासाठी लढतो असे म्हणणाऱ्या साम्राज्यांना वसाहतींतली माणसे नेमका हाच प्रश्न विचारत होती.

म्हणून 'कासाब्लांका' बाजूला सारावा, असे आम्ही म्हणत नाही. तो पुन्हा पाहावा, तरुणांना दाखवावा आणि राष्ट्रगीताच्या त्या प्रसंगाने भारावूनही जावे. मात्र निर्वासितांना भूमिका मिळाल्या म्हणून तो चित्रपट जिवंत झाला, हे मान्य केले, तर मोरोक्कन माणसाला आणि सॅमला पुरी जागा न दिल्याने तो तेवढाच उणा राहिला, हेही मान्य करावे लागते. प्रतिनिधित्व ही कलाकृतीवर बाहेरून लादलेली अट नव्हे. तिच्या सत्याची ती कसोटी आहे. आज युद्धाच्या आणि प्रतिकाराच्या कथा लिहिणाऱ्यांनी ती आधी स्वतःला लावावी: ज्यांच्या भूमीवर ही लढाई चालली आहे, त्यांना आपल्या कथेत नाव आहे का, मत आहे का, आणि निर्णय घेण्याचा अधिकार आहे का?